तिसऱ्या हॉर्नच्या आत

छावणीच्या रिक्षा स्टँडला एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेलाही कुणी पाहिलेला नाही. प्रवासी पहिल्या नंबरच्या रिक्षात बसला की दुसऱ्या नंबरवाला हॉर्न वाजवायला मोकळा. सलग वाजवायचा नाही. एक वाजवायचा, श्वास घ्यायचा, दुसरा वाजवायचा, पुन्हा श्वास घ्यायचा आणि मग तिसरा. तिसऱ्या हॉर्नपर्यंत पहिली रिक्षा जागची हलली नाही, तर प्रवासी उतरून मागच्या रिक्षात बसतो आणि पहिला नंबरवाला मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जातो. रांगेत गाडी चालू ठेवायची नाही, चावी बंद, हेही त्याच कायद्यात येतं, कारण स्टँडला लागून चहाचं हॉटेल आहे आणि धुरानं गिऱ्हाईक उठून जातं.

हा कायदा सांडूमामानं केला, आणि केला तो सखारामसाठी. सखारामची रिक्षा तेव्हाही म्हातारी होती. तो हँडल ओढायचा, रिक्षा खोकायची, तो पुन्हा ओढायचा, आतला प्रवासी घड्याळ बघायचा आणि मागं अख्खी रांग तुंबायची. एके दिवशी सांडूमामानं चहाच्या टेबलावर थाप मारून हा नियम सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सखारामनंही डोलावली, त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. फक्त एवढंच म्हणाला, "सांडू, तुलाबी लागू हाय ना हे?"

"मला पयला," मामा म्हणाला होता.

तो शब्द यंदा मामाच्या अंगाशी आला.

मंजुषा ही सांडूमामाची भाची. सोयगावहून इंजिनिअरिंगला शहरात आली ती मामाच्या पुंडलिकनगरच्या घरी, आणि शिक्षण संपून चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली तरी तिथंच राहिली. वेगळी खोली बघते म्हटलं की मामी दोन दिवस बोलायची नाही. कंपनी विजेवर चालणाऱ्या रिक्षांसाठी स्क्रीन बनवायची. हँडलच्या वर बसणारी, वहीच्या अर्ध्या पानाएवढी. बॅटरी किती उरली, वेग किती, आज किती फिरलो, हे सगळं तीवर दिसायचं. मामानं जुनी रिक्षा देऊन विजेची घ्यायचं ठरवलं, तेव्हा मंजुषाच म्हणाली होती, "ही घ्या मामा. हिच्यात आमची स्क्रीन आहे, मी स्वतः काम केलंय तिच्यावर. डोळे झाकून घ्या."

मामानं डोळे झाकून घेतली. उघडले ते स्टँडवर, मागच्या नंबरच्या मुजीबभाईच्या तिसऱ्या हॉर्नला.

"लई झोपाळू हाय तुही गाडी," बुधवारी संध्याकाळी ताटावर बसता बसता मामा म्हणाला. घेतली तेव्हा गाडी त्याची होती. नंबर जायला लागल्यापासून ती मंजुषाची झाली होती. "चावी फिरवली की आधी काळा पडदा. मंग तुह्या कंपनीचं नाव. मंग समई. मंग सनई. म्या रिक्षा चालवतो का लग्न लावतो?"

मामीनं भाकरी थापता थापता तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"मामा, तिला जागं व्हायला जरा वेळ लागतो. तुम्ही चावी बंदच नका करू ना. ही गाडी उभी असताना काही खात नाही."

"रांगेत चावी बंद. कायदा हाय."

"तो धुरासाठी होता. हिला धूर कुठंय?"

"कायद्यात धूर नाय, चावी हाय," मामा म्हणाला. "अन् कायदा म्या केला. आता मह्यावर आल्यावर बदला म्हणू? त्यो सखाराम त्याचीच तर वाट बघून ऱ्हायलाय. आज तिसरा हॉर्न त्यानं दिला. असा दिला, जशी काय देवळातली घंटा वाजवतो. वर मह्याच पाशिंजरला म्हणतो, या ताई, आपली गाडी जुनी हाय पण जागी हाय."

मंजुषानं मान खाली घालून पिठल्यात भाकरी बुडवली.

"अन् हॉर्नबी धड वाजत नाय कधी कधी. परवा पंक्चर झाली. समदं त्या तुह्या टीव्हीमुळं."

"मामा, हॉर्नचा आणि स्क्रीनचा काही संबंध नाही. हॉर्नची वायर बटणातून सरळ जाते. आणि पंक्चरचा तर..."

"व्हय, तू इंजिनिअर. तुला म्हाईत." मामानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "हे बघ मंजे. मही जुनी रिक्षा अजून त्या डीलरच्या दारात उभी हाय. रविवारी सकाळी तिला बघाय गिऱ्हाईक येतंय. शनिवारी सांजंपर्यंत ही गाडी तिसऱ्या हॉर्नच्या आत हलली तर ठीक. नाय तर रविवारी म्या गिऱ्हाइकाच्या आधी जातो, ही परत देतो अन् मही घेऊन येतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुह्या शब्दावर घेतली, म्हून तुला आधी सांगितलं."

मामा ओरडला असता तर मंजुषाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ऑफिसात अमेयला सगळं सांगितलं. अमेय तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. समर्थनगरचा, बोलायला संथ आणि कामाला त्याहून संथ वाटणारा, पण केलेलं काम परत करावं लागत नसे. त्यानं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"तिसरा हॉर्न म्हणजे नेमका किती वेळ?"

"तिसरा हॉर्न म्हणजे तिसरा हॉर्न."

अमेय उठला, स्कूटर काढली, छावणीला गेला आणि मुजीबभाईला चहा पाजून त्याचे तीन हॉर्न मोबाइलवर रेकॉर्ड करून आणले, मधल्या श्वासांसकट. आता मोजमाप हाती आलं. टेबलावरच्या स्क्रीनची चावी फिरवायची आणि मोबाइलवर हॉर्न लावायचे. पहिल्या चाचणीत तिसरा हॉर्न वाजून गेला तेव्हा स्क्रीनवर समईची पहिली वात लागत होती.

गोष्ट अशी होती की ही स्क्रीन म्हणजे खरं तर छोटा कॉम्प्युटर होता. चावी फिरली की तो जागा व्हायचा, आपली सगळी व्यवस्था लावून घ्यायचा, बॅटरी तपासायचा, ब्रेक तपासायचा आणि सगळं ठीक असेल तरच मोटरला परवानगी द्यायचा. परवानगीशिवाय रिक्षा इंचभर हलत नसे. यात चूक काही नव्हती. ब्रेक न तपासता गाडी सोडणं कुणालाच मान्य नव्हतं. पण ती तपासणी शेवटी होती, आणि तिच्या आधी बाकीचं सगळं.

बाकीचं काय काय होतं ते बघताना दोघांना आपल्याच कामाची लाज वाटत गेली. जागी झाल्या झाल्या स्क्रीन मोबाइलचं नेटवर्क शोधायची, कंपनीला आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी. छावणीत नेटवर्क बेताचंच, त्यामुळं ती तिथंच ताटकळायची. मग नऊ भाषांची अक्षरं काढून ठेवायची. सांडूमामाला त्यातल्या आठ वाचता येत नव्हत्या. मग गाण्यांसाठी ब्लूटूथची तयारी करायची.

"पाहुणा दारात उभा आहे," मंजुषा म्हणाली, "आणि आपण आतून सांगतोय, थांबा हं, पडदे धुवायला टाकलेत."

"दार आधी," अमेय म्हणाला. "पडदे मागून."

त्यांनी तेवढंच केलं. टाकलं काहीच नाही, फक्त क्रम बदलला. बॅटरी आणि ब्रेक सगळ्यात आधी, मग मोटरला परवानगी, आणि नेटवर्क, अक्षरं, गाणी हे सगळं गाडी चालायला लागल्यावर. दुपारपर्यंत चांगलीच मजल मारली. मधे शेजारच्या खोके बनवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर हॉर्न ऐकून आला आणि विचारून गेला की तुमच्याकडं रिक्षा नेमकी कुठून शिरते.

उरली समई.

समई कालिंदीताईंची होती. कालिंदीताई कंपनीच्या मालकीण. पूर्वी पॉलिटेक्निकला शिकवायच्या, आणि कंपनी काढली तरी त्यांची वर्गावरची सवय गेली नव्हती. भिंतीवर त्यांच्या हातच्या सूचना असायच्या. त्यातली सगळ्यात मोठी चाचणीच्या टेबलावर: 'आधी निरोप, मग चावी.' म्हणजे स्क्रीन बंद करताना आधी तीवरचं 'बंद' हे बटण दाबायचं, तिला आपलं आवरू द्यायचं, 'पुन्हा भेटू' अशी अक्षरं येऊन पडदा काळा होऊ द्यायचा, आणि मगच चावी काढायची. कुणी घाईत तशीच चावी ओढली, तर ताई त्यांच्या खोलीतून विचारायच्या, "झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढता का रे तुम्ही?" त्यामुळं कुणी ओढत नसे. समईचं चित्र ताईंनी स्वतः काढलं होतं. पाचही वाती एकामागून एक लागायच्या आणि सनई संपेपर्यंत स्क्रीन दुसरं काही करायची नाही.

"ताई, समई काढायची नाहीये," मंजुषानं दारातूनच सुरुवात केली.

"मग काय करायचंय?"

"मागं घ्यायचीय. गाडी निघाल्यावर लागेल. कोपऱ्यात, छोटी."

"चालत्या गाडीत समई?" कालिंदीताईंनी चष्मा काढला. "दिवा लावून बाहेर पडतात, मंजुषा. बाहेर पडून दिवा लावत नाहीत."

"ताई, दिवा लागेपर्यंत प्रवासी मागच्या गाडीत जाऊन बसतो."

"कुणाच्या?"

"सखारामच्या."

हा सखाराम कोण, हे सांगावं लागलं. मग कायदा सांगावा लागला. मग अमेयनं मोबाइलवर हॉर्न वाजवून दाखवले. कालिंदीताईंनी तीनही हॉर्न शांतपणे ऐकले.

"दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तुमचा मुजीबभाई श्वास जरा कमी घेतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वाऱ्यानं विझणार नाही ना?"

"स्क्रीनवरची आहे, ताई."

"मला माहीत आहे ती स्क्रीनवरची आहे. निघाल्यावर तर निघाल्यावर. पण पाचही वाती हव्यात."

गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवरचा दुसरा हॉर्न पुरता संपायच्या आत टेबलावरची मोटर फिरायला लागली. एकदा नाही, दर वेळी. अमेयनं पुंडलिकनगरला येऊन मामाच्या रिक्षात नवी व्यवस्था भरली, नीट तपासली, 'बंद'चं बटण दाबून, निरोप घेऊन चावी मामाच्या हातात दिली. मामीनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

शुक्रवारी सकाळी मामानं दारात चावी फिरवली. कप उचलून तोंडाशी नेईपर्यंत रिक्षा तयार होती. मामानं मंजुषाच्या पाठीवर थाप मारली आणि शीळ घालत निघून गेला.

अकराच्या सुमारास त्याचा फोन आला.

"मंजे, तुह्या टीव्हीनं मही पार इज्जत काढली."

"काय झालं?"

"म्या स्टँडवर सगळ्यांना सांगून बसलो ना, आता बघा म्हटलं. चहा पाजला समद्यांला. पाशिंजर बसलं, चावी फिरवली, अन् तीच झोप. जशीच्या तशी. तिसरा हॉर्न सखारामनं वाजवलाबी नाय. म्हणला, जाऊ दे सांडू, तुह्या चहाला जागतो. अन् पाशिंजर घेऊन गेला."

"पण सकाळी तर..."

"सकाळी पाशिंजर नसतं ना दारात. पाशिंजर बघितलं की झोपती."

मंजुषानं त्या दिवशी टेबलावर पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. दर वेळी दुसऱ्या हॉर्नच्या आत. स्क्रीन बदलून पाहिली, बॅटरी बदलून पाहिली, अमेयनं टेबल उन्हात नेऊन पाहिलं. दर वेळी तेच. ऑफिसातली स्क्रीन चुणचुणीत आणि स्टँडवरची झोपाळू, आणि दोन्हींमध्ये एका अक्षराचा फरक नाही. संध्याकाळी मामा घरी आला, जेवला. झोपायला जाताना मामीला म्हणाला, "रविवारी लौकर उठव."

शनिवारी सकाळी मंजुषा रिक्षाच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"ऑफिसला सोडू?"

"नाही. तुमच्याबरोबर फिरते. प्रवासी आले की पुढं तुमच्या शेजारी बसेन."

"पुढं बसाय बंदी हाय."

"मग मागं कोपऱ्यात बसेन."

मामानं आरशातून तिच्याकडं पाहिलं, पण चावी फिरवली. रिक्षाला वेळ लागला. गजानन मंदिराच्या चौकात एक मास्तर बसले, त्यांना क्रांती चौकात सोडलं. मास्तरांचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच मामाच्या हातानं चावी ओढली. मामाचं तिकडं लक्षही नव्हतं. तो सुट्टे पैसे शोधत होता. तीस वर्षांची पेट्रोल वाचवायची सवय हातात जाऊन बसली होती. पुढं निराला बाजारात एक बाई खोबऱ्याची पोती घेऊन बसली. चावी फिरली आणि काळा पडदा. ती बाई उतरली. पुन्हा हात गेला आणि चावी ओढली.

मंजुषा ताठ बसली.

"मामा, पुन्हा करा."

"काय?"

"आत्ता हातानं जे केलं ते."

"काय केलं हातानं?"

"मामा, गाडी बंद करताना तुम्ही हे स्क्रीनवरचं बटण दाबत नाही?"

मामा वाकून बटणाकडं बघत राहिला, जसं काही ते आज सकाळीच उगवलंय. "हे व्हय? हे म्या म्हटलं, कंपनीवाल्यांसाठी असंल. गाडी बंद कराय चावी असती ना."

मंजुषानं तिथूनच अमेयला फोन लावला.

"अमेय, काल आपण चाचणी किती वेळा घेतली?"

"मनगट दुखेपर्यंत."

"आणि दर वेळी आधी निरोप, मग चावी?"

 पलीकडून अमेय अगदी हळू म्हणाला, "अरे देवा."

जगातल्या कुठल्याही रिक्षावाल्यानं रिक्षाचा निरोप घेतला नव्हता. चावी ओढली की स्क्रीनची वीज एकदम जायची, हातातलं लिहिणं अर्धवट टाकून. पुढच्या वेळी ती जागी व्हायची ती घाबरून. गावाहून परत आल्यावर दाराचं कुलूप लटकलेलं दिसावं आणि माणसानं आत जाऊन डबान् डबा उघडून बघावा, तशी ती आपल्या मेमरीचा कोपरान् कोपरा तपासत बसायची, काही मोडलं तर नाही ना म्हणून. मोडलेलं कधीच काही नसायचं. ऑफिसात मात्र सगळे शिस्तीत निरोप घ्यायचे, म्हणून ऑफिसातली स्क्रीन शांत झोपायची आणि टवटवीत उठायची. आणि काल सकाळी दारात ती पटकन उठली, कारण आदल्या संध्याकाळी तिचा निरोप अमेयनं घेतला होता.

"मामा, चिकलठाण्याला घ्या," मंजुषा म्हणाली. "रिक्षासकट."

"धंद्याचा टाइम हाय."

"शनिवार संध्याकाळ माझी आहे. तुम्हीच दिलीय."

मामानं रिक्षा वळवली.

उपाय अवघड नव्हता, पण तो घाईनं करण्याजोगाही नव्हता. मुख्य मेमरीला त्यांनी कुलूप घातलं. वाचायला मोकळी, लिहायला बंद. जिथं काही लिहिलंच जात नाही, तिथं अर्धवट राहायचा प्रश्न नाही आणि तपासायचंही कारण नाही. किलोमीटर आणि फेऱ्या लिहायला एक चिमुकला वेगळा कप्पा ठेवला, आणि तिथं प्रत्येक नोंद दोनदा होईल असं केलं. एक अर्धवट राहिली तर दुसरी शाबूत. मामा हे सगळं होईपर्यंत कालिंदीताईंच्या खोलीत बसून चहा पीत होता. ताईंनी त्याला समईबद्दल त्याचं मत विचारलं. मामानं सांगितलं, समई लई देखणी हाय, पण सनई जरा लांबती.

"आता चाचणी," अमेय म्हणाला. "पण निरोपाशिवाय."

सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या सूचनेकडं गेल्या. मग कालिंदीताईंकडं. ताई पुढं आल्या, चालू स्क्रीनच्या चावीला हात घातला आणि डोळे मिटून ओढली.

"फिरवा," त्या म्हणाल्या.

अमेयनं हॉर्न लावला. दुसरा हॉर्न सुरू व्हायच्या आत मोटर फिरली. ताईंनी पुन्हा चावी ओढली, या वेळी डोळे उघडे ठेवून. मग पुन्हा. थोड्या वेळानं त्या इतक्या जोरात ओढायला लागल्या की मंजुषाला चावी तुटायची भीती वाटली. मामा बाजूला उभा राहून शिकवत होता: "असं नाय मॅडम, मनगट झटकायचं. पाशिंजर उतरून चाललंय अन् सुट्टे मागाय लागलंय, असं समजा." किलोमीटरचा आकडा दर वेळी जिथल्या तिथं होता.

मामाच्या रिक्षात सगळं भरून ते निघाले, तेव्हा ताई भिंतीवरच्या सूचनेखाली पेनानं बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होत्या. मंजुषानं जाता जाता वाचलं: 'हे आपल्यासाठी. रिक्षावाल्यांसाठी नव्हे.'

उन्हं उतरताना ते छावणीला पोचले. बाजाराची गर्दी होती, रांग भराभर सरकत होती. मामा तिसरा होता, मग दुसरा, मग पहिला. मंजुषा उतरून चहाच्या हॉटेलाजवळ उभी राहिली. मामाच्या मागच्या रिक्षात कोण आहे हे तिनं पाहिलं, आणि नसतं पाहिलं तर बरं असं तिला वाटलं. सखाराम होता. त्याच्यामागं मुजीबभाई मान बाहेर काढून बसला होता.

"क्या सांडूभाई," मुजीबभाई ओरडला, "आज भी चाय पिलाते क्या?"

 मामानं चावी बंद करून हात मांडीवर ठेवले होते. कालच्यासारखं त्यानं आज कुणाला काही सांगितलं नव्हतं.

एक तरुण जोडपं आलं, कडेवर मूल. "नगर नाका?"

"बसा."

जोडपं बसलं. सखारामचा अंगठा हॉर्नवर गेला. पहिला हॉर्न वाजला. मामानं चावी फिरवली. मंजुषानं नकळत श्वास धरला, मुजीबभाईच्या रेकॉर्डिंगमधल्यासारखा. सखारामही श्वास घेत होता, सावकाश, कायद्यानं द्यायचा तेवढा पुरेपूर. त्यानं दुसरा हॉर्न दाबला आणि तो हॉर्न रिकाम्या जागेला ऐकू गेला. मामाची रिक्षा रस्त्यावर होती. ती वळताना मंजुषाला कोपऱ्यातली समई लागताना दिसली, आणि सनईवर आतलं मूल टाळ्या वाजवायला लागलं.

मुजीबभाईनं दोन्ही हात वर केले. सखारामनं हॉर्नकडं असं पाहिलं, जसं काही त्यानंच दगा दिला.

फेरी मारून मामा परतला तो वेगळाच माणूस होता. चहा त्यानंच मागवला. मंजुषाला बाकावर बसवून तिच्यासाठी खारी मागवली आणि टेबलावर थाप मारली, पूर्वी मारली होती तशीच.

"म्या म्हणतो, आता तीन हॉर्न कशाला? जमाना बदलला. दोनच करा."

"सांडूभाई," मुजीबभाई म्हणाला, "कल तक आपको तीन भी कम पड़ रहे थे."

सगळे हसले. मामाही हसला. सखाराम तेवढा हसला नाही. तो बशीत चहा ओतून बशीकडं बघत होता. मंजुषानं ते पाहिलं. मामानंही पाहिलं असावं, कारण दोन हॉर्नची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

रांग पुन्हा लागली. या वेळी सखाराम पहिला, मामा दुसरा, आणि घरी जायचं म्हणून मंजुषा मामाच्या मागच्या सीटवर. हातात दोन पिशव्या घेतलेली एक म्हातारी सखारामच्या रिक्षात बसली. सखारामनं बटण दाबलं. रिक्षा खोकली. त्यानं खाली वाकून हँडल ओढलं. रिक्षा पुन्हा खोकली आणि गप्प झाली.

मामानं पहिला हॉर्न वाजवला. कायदा कायदा होता.

सखारामनं हँडल ओढलं. मामानं श्वास घेतला, दुसरा हॉर्न वाजवला. म्हातारीनं डोकं बाहेर काढून मागं पाहिलं आणि पिशव्या उचलायला लागली. सखारामच्या मानेवर घामाची रेघ दिसत होती. त्यानं हँडल ओढलं, पुन्हा ओढलं. मामाचा अंगठा बटणावर होता. मंजुषा त्या अंगठ्याकडं बघत होती. अख्खा स्टँड त्या अंगठ्याकडं बघत होता.

"सांडूभाई, तीसरा!" मागून मुजीबभाईचा आवाज आला.

"वाजंना गेला!" मामा मागं वळून ओरडला. "हॉर्न बिघडला वाटतं. मंजे, बघ गं जरा तुह्या टीव्हीत काय झालंय. समदं त्याच्यामुळंच व्हतंय."

हॉर्नची वायर बटणातून सरळ जाते, हे मंजुषानं त्याला बुधवारीच सांगितलं होतं.

"स्क्रीनमुळंच असेल मामा," ती म्हणाली. "बघते. वेळ लागेल थोडा."

"लागू दे. घाई नाय."

पुढच्या ओढीला सखारामची रिक्षा पेटली. निळ्या धुराचा लोट हॉटेलात शिरला आणि दोन गिऱ्हाइकं शिव्या देत उठली. म्हातारीनं पिशव्या परत खाली ठेवल्या. सखारामनं मागं पाहिलं नाही. तो रस्त्याला लागला, चौकात वळला आणि वळता वळता त्यानं एकदा हॉर्न वाजवला.

मामानं लगेच वाजवून उत्तर दिलं. चांगला खणखणीत.

"क्या भाई," मुजीबभाई म्हणाला, "बिगड़ गया था ना?"

"दुरुस झाला," मामा म्हणाला आणि चावी फिरवली. "इंजिनिअर बसलीय ना मागं."